आधी चाल विचारा

ज्यू लोकांच्या गाण्यांशी अकोल्याच्या निवृत्त संगीत शिक्षकाचा काय संबंध, हा प्रश्न मला ठाण्यात विचारला गेला, इस्राएलमधल्या अशदोदहून फोनवर विचारला गेला, आणि घरात तर अधूनमधून विचारला जातोच. संबंध शेजाराचा आहे. शेजारचे काका रेल्वेत होते, त्यामुळे त्यांचं बेने इस्राएल कुटुंब बरीच वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिलं. काका निवृत्त झाले तसं त्यांनी ठाणं गाठलं. मुलं इस्राएलला गेली, पुढे काका वारले. काकांच्या पत्नीपाशी, म्हणजे आमच्या मावशींपाशी, त्यांच्या आईच्या हातची एक वही राहिली. तिच्यात मराठी कीर्तनातली पदं होती, पाळणे होते, लग्नातली गाणी होती आणि देवनागरीत उतरवून घेतलेल्या हिब्रू प्रार्थनाही होत्या. ही वही आणि तिच्यातलं जेवढं मावशींना गाता येतं तेवढं, नातवंडांना इंटरनेटवर सापडेल असं ठेवून दे, एवढंच काम त्यांनी मला सांगितलं. मग एका घरातून दुसऱ्या घरात बातमी गेली आणि वह्या येत राहिल्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातले ज्यू. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून पडलेली: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर. बोली मराठी. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढे १८८० च्या सुमारास मुंबईतल्याच काही मंडळींनी हिंदू हरिदासांची कीर्तनं ऐकून आपल्या धर्मकथांची कीर्तनं रचायला घेतली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठी पदांत बांधली गेली, छापली गेली आणि घराघरांत गायली गेली. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले आणि गाणीही त्यांच्याबरोबर गेली. काही इथेच राहिली, काही वह्यांत राहिली.

या कामात जे उमगलं ते क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा नाही, पण दुसरा मुद्दा मात्र सोडू नका.

१. वही हाती आली की आधी फोटो, मग वाचन.

वही समोर आली की मन लगेच पदाकडे धावतं. ते थोपवायचं. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोरी पानं धरून, सगळ्याचे फोटो आधी काढायचे. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वही जेवढी सहज उघडते तेवढीच उघडून. दाबून सपाट करायला गेलं की शिवण सुटते आणि पानांचा क्रम जातो. दुधाचा हिशेब, शाळेच्या फीचा आकडा, कोणाच्या तरी जन्माची तारीख, हेही टिपायचं. मावशींच्या वहीत एका पाळण्याशेजारी घासलेटचा हिशेब होता, आणि त्या भावावरूनच तो पाळणा साधारण कोणत्या काळात उतरवला गेला ते आम्हाला कळलं. पाळण्यात तसा काही सुगावा नव्हता.

घाई करायचं आणखी एक कारण आहे. ज्या कागदावर हिब्रूत देवाचं नाव आहे, असा जीर्ण झालेला कागद ज्यू लोक रद्दीत टाकत नाहीत, रीतसर जमिनीत पुरतात. आपल्याकडेही जुन्या पोथ्या नदीत सोडायची रीत होती. माझ्याच आजोळच्या काही पोथ्या अशा पूर्णेच्या पाण्यात गेल्या. दोन्हीकडे भावना आदराचीच, आणि संग्राहकाच्या नशिबी दोन्हीकडे रिकामी फडताळंच. एका घरी मी विचारायला गेलो तेव्हा आजोबांची प्रार्थनेची पुस्तकं आणि त्यांच्याबरोबर मराठी पदांचं बाडही पुरून झालं होतं. बाडावर देवाचं नाव होतं की नाही, हे घरात कोणालाच आठवत नव्हतं.

२. शब्द मिळाले म्हणजे गाणं मिळालं नाही. आधी चाल विचारा.

माझ्यासारख्या वऱ्हाडी माणसाचा या कामाला काही उपयोग झाला असेल तर तो इथे.

कीर्तनाच्या जुन्या छापील पुस्तकांत आणि त्यांवरून उतरवलेल्या वह्यांत पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात एक सूचना असते. कुठे साकी, कुठे दिंडी, कुठे आर्या, कुठे कामदा, तर कुठे त्या काळी गाजलेल्या एखाद्या पदाचे पहिले दोन-तीन शब्द, म्हणजे हे पद त्या चालीवर म्हणा. लिहिणाऱ्याला त्याहून जास्त लिहायची गरजच नव्हती. वाचणाऱ्याला ती चाल येतेच, हे त्याने गृहीत धरलं होतं. आज अशदोदमध्ये वाढलेल्या नातीला साकी म्हणजे काय ते कुठून कळणार? खरं तर ठाण्यातल्या नातवालाही कळत नाही, आणि अकोल्यातल्या माझ्या नातवाची गतही तीच आहे.

अमरावतीला माझे मामा होते, हौशी कीर्तनकार. नवरात्रात, चैत्रात, कोणी बोलावलं तर बाराव्याला सुद्धा उभे राहत. मी मावशींच्या वहीतली योसेफाच्या आख्यानातली काही पदं त्यांच्यापुढे धरली, पण कोणाची आहेत ते सांगितलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, ओठांतल्या ओठांत एक ओळ म्हटली आणि म्हणाले, "हे त् साकी होय ना बे! हिच्यात काय पाह्यतं?" आणि सरळ गायला लागले. योसेफाच्या भावांनी त्याला विहिरीत टाकलं तो प्रसंग अमरावतीच्या ओसरीवर पहिल्यांदाच कोणी गायला असावा. मग मी सांगितलं की हे ज्यू लोकांचं कीर्तन आहे. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं की पुढचा अभंग कुठाय.

वेळेचा योगही पाहा. बेने इस्राएलांची कीर्तनं मुंबईत आकार घेत होती तेव्हाच, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पहिल्यांदा रंगमंचावर आलं. दोन वर्षांनी 'संगीत सौभद्र' आलं. तिथून पुढची तीस-चाळीस वर्षं मराठी माणसाच्या कानावर नाट्यपदांचं राज्य होतं. हरिदासांनी चाली नाटकांतून उचलल्या, नाटकवाल्यांनी साकी-दिंडी कीर्तनांतून उचलल्या. नाटक मंडळ्या दौऱ्यावर अमरावतीला, अकोल्याला येत आणि जाताना चाली इथे ठेवून जात. मुंबईच्या ज्यू मोहल्ल्यातलं पद आणि अंबादेवीच्या अमरावतीतलं पद एकाच विहिरीचं पाणी पीत होतं. म्हणून एका समाजाच्या पदांची किल्ली दुसऱ्या समाजाच्या म्हाताऱ्या हरिदासाकडे सापडू शकते. वह्या घेऊन फिरणाऱ्यांनी सिनेगॉगइतकंच देवळाच्या ओसरीवरही बसलं पाहिजे, असं मी म्हणतो ते यासाठी.

डोक्यावरची सूचना फाटली किंवा पुसली असेल तर मात्रा मोजायच्या. दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा, नऊ आणि दहा अशा तुटलेल्या. साकीत अठ्ठावीस, सोळा आणि बारा. आर्येचं गणित थोडं वेगळं: पहिल्या अर्ध्यात तीस, दुसऱ्यात सत्तावीस. शाळेत वृत्तं शिकवताना मुलं ज्यावरून कंटाळत तेच इथे कामी आलं. पण वृत्त ओळखलं म्हणजे केवळ सांगाडा मिळाला. मावशींची साकी आणि मामांची साकी एकच असूनही मावशी शेवटच्या अक्षरावर एक वळसा घेत, तो मामा घेत नसत. तो वळसा त्यांच्या घराचा होता. म्हणून मी दोन्ही ध्वनिमुद्रणं ठेवतो आणि कोणतं कोणाचं ते स्पष्ट लिहितो. मामांचं गाणं मावशींच्या नावाखाली कधीही जाता कामा नये. पुढे कोणी ते शिकलं तर घराची चाल जाईल आणि अमरावतीची बसेल.

हिब्रू प्रार्थनांच्या बाबतीत आमचं हे वऱ्हाडी ज्ञान कुचकामी आहे. त्या चालींत एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांचे संस्कार आहेत आणि बगदादी ज्यूंच्या शेजाराचेही. तिथे गायचं ते मावशींनी, आणि आपण गप्प बसायचं.

३. ध्वनिमुद्रणाचा दिवस त्यांच्या पंचांगाने ठरवा.

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी तारे दिसेपर्यंत. या वेळात यंत्राला हात लावत नाहीत. मोठ्या सणांनाही तसंच. म्हणजे जी गाणी खास शब्बाथच्या जेवणाची किंवा योम किप्पुरच्या उपासाची, ती त्यांच्या खऱ्या वेळी मुद्रित करताच येत नाहीत. कोणी चोरून फोन चालू ठेवा असं सुचवलं तर ऐकू नका. ज्या भक्तीसाठी गाणं जपायचं तीच भक्ती मोडून ते जपण्यात काय अर्थ आहे? बुधवारी दुपारी गायचं आणि नोंदीत तसं लिहायचं: हे गाणं शब्बाथचं, इथे बुधवारी गायलं आहे. ऐकणाऱ्याला कळू द्या की मूळ जागी यात घरभर माणसांचे आवाज असतात आणि लय थोडी सावकाश असते.

प्रार्थनेबाहेर देवाचं नाव पूर्ण उच्चारायचं नाही असं पाळणारेही बरेच आहेत. ते गाताना त्या जागी 'हाशेम' म्हणतात किंवा एखादं अक्षर बदलतात. मावशी बदलतात. ठाण्यातल्याच दुसऱ्या एक बाई बदलत नाहीत. दोघींना विचारून तसंच ठेवलं.

सणांची नावं लिहिताना घरातली जुनी नावंही घाला. हिब्रू शिक्षण पोचण्याआधीपासून कोकणात या समाजात सणांना मराठी नावं होती: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. बिरड्याचा सण म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा दिवस, त्या वेळी कडव्या वालांचं बिरडं होत असे म्हणून हे नाव. मावशींच्या आईने वहीत हीच नावं लिहिली आहेत. यादीत फक्त हिब्रू नावं टाकली तर मावशींच्या बरोबरीच्या बायकांना त्यांचंच गाणं शोधून सापडणार नाही. दोन्ही टाका. जागेला काय पैसे पडतात?

प्रेषित एलियाहूच्या नावाने या लोकांचा एक खास विधी आहे, मलिदा. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, गुलाबाची फुलं ताटात मांडून नवसाला, लग्नाआधी, गृहप्रवेशाला तो करतात. त्या वेळी म्हणायचं एलियाहूचं गीत जगभरचे ज्यू शब्बाथ संपताना म्हणतात, पण मलिद्याच्या ताटासमोर ते म्हणणारे हेच. तेव्हा एकाच गीताच्या दोन नोंदी झाल्या, दोन प्रसंगांच्या. मलिदा आठवड्यातल्या साध्या दिवशीही होतो, त्यामुळे हे एक गाणं आम्हाला त्याच्या खऱ्या जागी, ताटासकट, माणसांसकट मिळालं. मावशींनी पोहे कालवताना मधेच सूर धरला तो भाग मी कापला नाही.

४. आवाज स्वच्छ हवा, पण धुतलेला नको.

पंखा बंद, कुकर बंद, फोन विमानातल्या स्थितीत. खोलीत पडदे, गाद्या असतील तर बरं, नुसत्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. मूळ फाइल न दाबलेल्या स्वरूपात ठेवायची, वेव्ह असेल तर उत्तम. व्हॉट्सॲपवर पाठवलेली ती दाबलेली प्रत, ती ऐकायला ठीक आहे, साठवायला नाही.

पहिल्यांदा पेटीशिवाय गाऊ द्या. पेटी हाताशी असली की शिक्षकाचा हात आपोआप जातो, आणि पेटीच्या ठरलेल्या पट्ट्यांत गाणाऱ्याचा आवाज बसायला लागतो. मावशींचा गंधार पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी आहे. तो तिथेच राहू दे.

खोकला, हसू, "थांबा हं, हे विसरले" हे काढून टाकायचा मोह होतो. टाळा. गाडगेबाबांचं १९५६ साली, निधनाच्या थोडं आधी बांद्र्याला झालेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं म्हणून आज आपल्याला ऐकता येतं. त्यात बाबा प्रश्न विचारतात, लोक ओरडून उत्तर देतात. लोकांचा आवाज पुसून टाका आणि मग सांगा कीर्तन कुठे आहे ते. बाबांचा शब्दन् शब्द छापलेला मी वाचलाय, पण वाचताना ते अर्धेच उरतात.

५. हिब्रू आणि देवनागरी एका ओळीत कोंबू नका.

हिब्रू उजवीकडून डावीकडे, देवनागरी डावीकडून उजवीकडे. एका ओळीत दोन्ही आल्या की संगणक आकडे आणि विरामचिन्हं कुठेही फेकतो. कडव्याचा क्रमांक ओळीच्या पोटात जाऊन बसतो. यावर औषध एकच: हिब्रूला वेगळी ओळ, देवनागरी उच्चाराला वेगळी, मराठी अर्थाला वेगळी.

उच्चार लिहिताना गाणारा जसा म्हणतो तसाच लिहा. बेने इस्राएल 'एलियाहू हन्नाबी' म्हणतात, आजच्या इस्राएलात 'हनावी' म्हणतात. अशदोदच्या नातवाने मोठ्या प्रेमाने सगळीकडे 'व' करून पाठवला होता. आजीला 'चुकीचं' म्हणण्याआधी आजीला विचार, असं मी त्याला कळवलं. त्याचा फोन आजीला गेला, आणि आजीने त्याला काय ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. 'ब' परत आला.

गंमत पुढे आहे. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकिएल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ साली पुण्यात तळकर मंडळींनी काढलेल्या वल्हांडणाच्या हग्गादाच्या, म्हणजे त्या सणाच्या रात्री वाचायच्या पोथीच्या, शिळाछाप आवृत्तीत हिब्रूच्या जोडीला मराठी भाषांतर आहे, आणि चित्रांत आपल्याकडच्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. कोकणातल्या माणसाला हिब्रू वाचता यावं म्हणून तेव्हा देवनागरी मदतीला आली होती. आज गाडी उलट्या दिशेने चालली आहे. इस्राएलमधल्या नातवंडांना देवनागरी येत नाही, त्यामुळे मराठी पाळणे हिब्रू अक्षरांत लिहून पाठवावे लागतात. हिब्रूत 'त'ची दोन अक्षरं आहेत, आता दोन्हींचा उच्चार सारखाच होतो. आम्ही एक 'त'ला दिलं, एक 'ट'ला. 'ज' आणि 'च' अक्षराला शेजारी टिंब-रेघ देऊन भागतात. 'ळ' मात्र कुठेच नाही. 'बाळा'चं 'बाला' होतं आणि मावशींचा जीव खालीवर होतो. शेवटी 'ल'च्या डोक्यावर फुली मारून ठेवली आहे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी लिहिलं आहे की ही फुली दिसली की आजीला फोन लाव. स्वरांची टिंबं न चुकता द्यावी लागतात, एरवी हिब्रूत ती कोणी देत नाही.

६. 'सगळं सगळ्यांसाठी' हा नियम धरू नका.

कायद्याचा भाग सोपा आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. १८८०-९० च्या सुमाराची कीर्तनं बहुतेक आता मोकळी आहेत. गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावरचा हक्क वेगळा, तो पन्नास वर्षांचा. म्हणजे शब्द मोकळे असले तरी मावशींचा आवाज मावशींचा. लेखी परवानगी घ्या, मराठीत, त्यांना कळेल अशा चार ओळींत. ज्यू प्रार्थनांचं साहित्य परवान्यासह मोकळं करणारा 'ओपन सिद्दूर' हा प्रकल्प २००९ पासून चालू आहे. श्रेय द्या आणि पुढे वाटा, ही त्यांची पद्धत आम्ही उचलली.

कायद्यापलीकडचं अवघड आहे. एका आजींनी गायलेलं शोकगीत त्यांच्या मुलाच्या मृत्यूनंतरचं होतं. गायल्या छान, मग म्हणाल्या, हे माझ्या मुलींना द्या, बाकी कोणाला नको. संशोधक म्हणतील हे दुर्मीळ आहे. असेल. ते मुलींना दिलं आणि माझ्याकडची प्रत पुसली.

इथे मला आमचं रिद्धपूर आठवतं. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव महानुभावांचं, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे. तिथेच गोविंदप्रभूंच्या सहवासात महदंबेने लग्नप्रसंगाचे धवळे रचले. आपल्या भाषेतलं एवढं जुनं गाणं, पण पंथाने पुढे आपलं साहित्य सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केलं आणि शतकानुशतकं बाहेरच्यांना ते वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आणि यवतमाळचे य. खु. देशपांडे यांच्या कामामुळे ते उघड झालं. उघड झालं हे मराठीचं भाग्यच. पण बंद होतं म्हणून हस्तलिखितं पंथीयांनी जिवापाड सांभाळली, हेही तितकंच खरं. कुलपाची चावी कोणाकडे असावी यावर माझं मत ठाम झालेलं नाही. गाणाऱ्याने सांगितलेलं ऐकायचं, एवढंच ठाम आहे.

७. एका ठिकाणी ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही.

तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. माझी एक अकोल्यात, एक अमरावतीला बहिणीकडे, एक ठाण्यात. यूट्यूब ही दाखवायची जागा आहे, साठवायची नाही. खातं बंद झालं की सगळं गेलं. इंटरनेट आर्काइव्हवर नोंदीसकट टाकता येतं. हिब्रू पियूट, म्हणजे प्रार्थनेतली काव्यं, यांचा मोठा संग्रह जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे ऑनलाइन आहे. एकाच काव्याच्या वेगवेगळ्या समाजांच्या चाली तिथे शेजारी-शेजारी ऐकता येतात, मोरोक्कोची, येमेनची, भारतातल्यांचीही. आपल्या फाइलला नाव देताना तिथल्यासारखी शिस्त ठेवा: कोणी गायलं, कोणाकडून शिकलं, मूळ गाव, प्रसंग. 'आजी नवीन २ फायनल' असं नाव ठेवणाऱ्याला मी फाइल परत पाठवतो.

८. ऐकणारे पुष्कळ मिळतात, गाणारे मिळवावे लागतात.

कोचीनच्या ज्यू बायकांची मल्याळम गाणी अशीच वह्यांत होती. बार्बरा जॉन्सन, स्कारिया झकारिया यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या वह्या गोळा केल्या, अर्थ लावले, आणि २००४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या ज्यू संगीत केंद्राने ती गाणी सीडीवर काढली. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की इस्राएलमधल्या कोचिनी बायका पुन्हा वह्या घेऊन एकत्र बसल्या आणि गायला लागल्या.

आम्हीही व्हिडिओ कॉलवर बसतो: ठाणं, अशदोद आणि मी. एकत्र गाता येत नाही, कारण आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि टाळ्या पसरतात. म्हणून एकाने गायचं, बाकीच्यांनी आपले आवाज बंद ठेवून घरात म्हणायचं. प्रत्येकाला गाणारी एकटी आणि आपण तिच्यामागे, असं वाटतं. कीर्तनात धृपद धरणारे लागतात, ते या यंत्राला जमत नाही. मोझरीच्या गुरुकुंजात आणि आमच्या खेड्यांतून तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी अजून होते, ती ध्वनिमुद्रणाच्या जोरावर नाही. रोज कोणीतरी खंजिरी काढतं, सतरंजी टाकतं, म्हणून होते. ठाण्यात आता महिन्यातून एकदा चार-पाच घरं जमतात. पेटी मी नेतो, तबल्याला मुलगा तिथलाच, शेजारचा, गणपतीत वाजवणारा. अशदोदची नात हिब्रू अक्षरांतला पाळणा फुलीसकट म्हणते. तिला 'ळ' येऊ लागला आहे, मराठी येत नाही.

एक अडलेलं आहे ते सांगून थांबतो. मोशेच्या आख्यानातलं एक पद आहे, समुद्र दुभंगतो त्या जागेचं. डोक्यावर चालीचं नाव होतं, त्यावर शाई सांडली आहे. ओळी साकीत बसत नाहीत, दिंडीतही नाहीत. ध्रुवपद आखूड, अंतऱ्यात एक ओळ दुप्पट लांब आणि शेवटी पुन्हा आखूड. मावशींना शब्द पाठ आहेत, चाल त्यांच्या आईबरोबर गेली. मामांनाही ती लागली नाही. घडण पाहता ती १९१० च्या अलीकडे-पलीकडे गाजलेल्या एखाद्या नाट्यपदाची असावी, कदाचित दौऱ्यावरच्या एखाद्या छोट्या मंडळीच्या विस्मृतीत गेलेल्या नाटकातली. तुमच्याकडे अमरावती, अकोला, कारंजा, अचलपूर इकडच्या जुन्या हरिदासांच्या वह्या असतील, किंवा घरात असं काही गुणगुणणारं कोणी असेल, तर फोनवर नुसतं म्हणून पाठवा. पेटी लागत नाही, शब्दही कुठलेही चालतील.